वळणावरची तिरकी रेघ

१२ जानेवारी

चि. भोंग्या,

ताईचे आशीर्वाद. हवे असतील तर घे, नको असतील तर पाकिटात परत घालून ठेव, नासणार नाहीत.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणाऱ्यातला नाहीस. लहानपणी औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायचास, आणि मग आपल्याला ते सगळे रोग झालेत म्हणून आईच्या मागे लागायचास.

आई बरी आहे. गुडघे थकलेत, जीभ नाही. परवा म्हणाली, "त्याला विचार, रागावून गेलास का लाजून?" मी म्हटलं, लाजून. तर म्हणते, "लाजण्यासारखं काय केलं माझ्या लेकानं? चोरी केली?" मी गप्प बसले. मी गप्प बसण्यात पटाईत झालेय हल्ली, तुला खरं वाटणार नाही.

आता मुद्द्याचं. आपला मोठा रस्ता नव्याने करायचा ठरलाय, पुलापासून थेट हॉस्पिटलपर्यंत. चालणारा, सायकलवाला आणि गाडीवाला, तिघांनीही धड घरी पोचावं असा. आणि नकाशे काढायचं काम आलंय माझ्याच टेबलावर. म्हणजे ते वळणही आलंच. हॉस्पिटलच्या अलीकडचं, बसथांब्यापुढचं डावं वळण. जिथे दीड वर्षापूर्वी तुझ्या बसपुढे त्या नर्सबाई सायकलसकट आल्या आणि पाय मोडून बसल्या.

तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर चौकशीत त्याने सतरा कारणं सांगितली असती. तू "चूक माझी" एवढे दोन शब्द लिहिलेस आणि सही ठोकून मोकळा झालास. "चालकाचा निष्काळजीपणा" असा शेरा पडला, तुला गाडीवरून उतरवलं, आणि तू गावच सोडलंस. अठरा वर्षं बस चालवलेला माणूस आज गोदामात खोकी उचलतोय. शोभतं का तुला हे? राहू दे. पत्राच्या सुरुवातीलाच भांडण नको.

सध्या रोज सकाळी सात वाजता मी त्या वळणावर हातात पाटी घेऊन उभी असते. किती माणसं, किती सायकली, किती गाड्या, कोण कुठून कुठे वळतं, सगळं खुणा करून मोजायचं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला रोज भांडायला येतो. फुटपाथ रुंद केला तर त्याच्या गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे? मी म्हटलं, काका, ज्याला समोरचं दिसत नाही तोच गाडी चालवत तुमच्याकडे येतो, हीच तर आमची पंचाईत आहे. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. तुम्ही दोघे मिळून एक संघटना काढा.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

ताई


३ फेब्रुवारी

चि. भोंग्या,

तीन आठवडे झाले. पोस्टमन आमच्या दारावरून असा जातो जसं काही घरच नाही.

काल त्या नर्सबाई भेटल्या. मी पाटी घेऊन उभी होते, त्या स्वतःच आल्या. अजून लंगडतात थोड्या, पण सायकल सोडली नाहीये. मी ओळख द्यायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही त्या ड्रायव्हरच्या बहीण ना? तोंडवळा अगदी तोच आहे." मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर विचारतात काय, "कसे आहेत ते? कामावर आहेत ना?"

मी म्हटलं, नाहीत. गेले गाव सोडून.

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणाल्या, "त्यांनीच मला उचलून आत नेलं. माझाच वॉर्ड, माझ्याच मैत्रिणी ड्यूटीवर. सगळ्या मला सोडून त्यांनाच पाणी देत होत्या, इतके पांढरेफटक पडले होते." मग म्हणाल्या, "पण एक सांगू मॅडम? मी सायकलींच्या पट्ट्यातूनच चालले होते. रेघ जिकडे नेते तिकडे सायकल नेली. मी काही मधे घुसले नव्हते."

मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, माझी मोजणीची वेळ झाली, येते. आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

मोजणीची वेळ झाली नव्हती.

आईने तुझा जुना स्वेटर धुऊन घडी घालून ठेवलाय. तिकडे थंडी असेल तर पाठवते. नसली तरी पाठवते, तेवढीच ती निवांत होईल.

ताई


२१ फेब्रुवारी

भोंग्या,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा चुरगाळलं. मागच्या दोन पत्रांत मी तुला खोटं काही लिहिलं नाही, पण खरं गिळलं. आता घशाशी आलंय.

तुला आमच्या कामाची रीत ठाऊक नाही, म्हणून सांगते. रस्ता लांब असतो, कागद आखूड. तो मोठा रस्ता काढायला अकरा कागद लागतात. प्रत्येक कागदाच्या टोकाला एक रेघ असते: इथे हा संपला, पुढचं पुढच्यावर बघा. म्हणून सही करण्याआधी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे आणि वाकून बघायचं, एकावरची रेघ दुसऱ्यावरच्या रेघेला जाऊन मिळतेय ना. नवीन मुलं रुजू झाली की पहिल्या दिवशी मीच त्यांना हे शिकवते. ओरडून शिकवते.

त्या वळणाच्या अलीकडचा भाग सातव्या कागदावर येतो. वळण आठव्यावर. अपघाताच्या आधी तिथे सायकलींचा पट्टा आखायचं काम माझ्याकडेच आलं होतं, आणि तो पट्टा पहिल्यांदा दोन्हीवर बसथांब्याच्या बाहेरून, रस्त्याच्या अंगाने जात होता. मग वरून हुकूम आला, पट्टा थांब्याच्या शेडमागून, फुटपाथच्या कडेने न्या. मी सातवा कागद काढला, पट्टा आत घेतला. आठवा काढलाच नाही. त्याच्यावर पट्टा होता तिथेच राहिला, बाहेर. आणि त्या दिवशी मी कागद जमिनीवर मांडले नाहीत. घाई होती. कसली घाई होती, तेही आता आठवत नाही बघ.

म्हणजे सातव्या कागदावरची सायकल शेडमागे आणि आठव्यावरची रस्त्यात. मधे अडीच मीटरची उडी. कागदावर ती उडी कुणालाच दिसत नाही, कारण दोन कागद दोन फायलींत. पण रस्ता काही तुटत नाही ना रे. पट्टे मारणारा मुकादम तिथे पोचला, त्याची दोन टोकं जुळेनात. ऑफिसात विचारायला कोण येतो? त्याने सुतळी ताणली आणि तिरकी रेघ मारून टोकं जुळवली. शेडच्या मागून निघून थेट सुटणाऱ्या बसच्या तोंडापुढून. रंग चांगला जाड मारला होता. नर्सबाई त्या रेघेवरून आल्या.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद काढले आणि माझ्या खोलीचं दार लावून जमिनीवर मांडले.

तिसऱ्या दिवशी, भोंग्या. तुझी चौकशी त्यानंतर महिनाभर चालली. तू चौकशीला जाताना मी तुझ्या शर्टाला इस्त्री करून दिली. आणि तू परत येऊन "सही केली" म्हणालास तेव्हा मी काय केलं? चहा टाकला. पुढच्या आठवड्यात ती तिरकी रेघ मी दुरुस्तीच्या नावाखाली गुपचूप खरवडून काढायला लावली. मुकादमाने एक शब्द विचारला नाही. त्याला कळलं असणार.

का नाही बोलले? माझी बावीस वर्षांची नोकरी, माझी ऐट, "बाईंच्या कागदात चूक नसते" म्हणून ऑफिसात नाव. आणि एक नीच विचारही केला, तोही लिहिते. तू स्वतःच चूक कबूल करत होतास. मला वाटलं, असेलही त्याची. थोडी त्याची, थोडी माझी, मग त्याची त्याने भरली तर झालं.

आता मी तुला उत्तर लिही म्हणणार नाही. कुठल्या तोंडाने म्हणू?

ताई


१९ मार्च

भोंग्या,

स्वेटरचं पार्सल परत आलं. "घेण्यास नकार." बरोबर आहे. आईला मी सांगितलं पत्ता चुकला, आणि सांगता सांगताच मला वाटलं, अजून किती? म्हणून तिलाही सगळं सांगितलं. पहिल्या कागदापासून.

तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "दीड वर्ष माझ्या शेजारी बसून जेवलीस." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझं ताट वाढलं, पण स्वतः आत जाऊन जेवली. अजून तसंच चाललंय.

सोमवारी मी लेखी दिलं. माझी चूक, कागदांच्या तारखा, खरवडलेली रेघ, सगळं. चौकशी पुन्हा उघडा, असा अर्ज सोबत जोडला. वरातीमागून घोडं, दुसरं काय. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कोण विचारतंय? बाई बऱ्या झाल्या, ड्रायव्हर निघून गेला, रेघ पुसली." मी म्हटलं, साहेब, तो ड्रायव्हर माझा भाऊ आहे. ते म्हणाले, "मग तर दीड वर्षापूर्वीच बोलायला हवं होतं." तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांचं काय चुकलं?

माझा सहीचा अधिकार काढून घेतलाय. ते वळण पूर्ण होईपर्यंत मी कामावर, कारण मोजणी माझ्या डोक्यात आहे, पण प्रत्येक कागदावर दुसऱ्याची सही. त्यानंतर मला जुन्या फायलींच्या खोलीत बसायचंय. परवा नवीन मुलं माझ्याकडे बघून बोलायची थांबली. लागलं मला. का खोटं सांगू, खूप लागलं. पण मग आठवलं, डेपोत तुला हे रोज भोगावं लागलं असेल, आणि तुझ्यावर तर खोटा आळ होता.

सोबत नव्या वळणाचा नकाशा पाठवतेय. यावेळी सगळं वळण एकाच कागदावर काढलंय, कागद मोठा घेतला पण जोड ठेवला नाही. कोपरा आवळलाय, म्हणजे गाडीला वेग कमी केल्याशिवाय वळताच येणार नाही. ओलांडायची जागा फुटपाथच्या उंचीला आणलीय आणि मधे थांबायला ओटा ठेवलाय, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना एका दमात पलीकडे पळावं लागणार नाही. सायकलींना वेगळी वाट. माझ्या मते चांगलं झालंय. पण माझ्या मताला काय किंमत आहे ते तुला माहीत आहेच. बावीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या मी. बस घेऊन त्या वळणावरून अठरा वर्षं तू गेलास. बघावंसं वाटलं तर बघ.

ताई


१० एप्रिल

अरे भोंग्या!

आला! नकाशा परत आला! पाकिटावर तुझं अक्षर बघून मी पोस्टमनच्या समोरच मटकन खाली बसले. तो बिचारा घाबरून "वाईट बातमी का?" म्हणून विचारतोय आणि मी रडत हसतेय.

आत चिठ्ठी नाही. "ताई" नाही, "आशीर्वाद" नाही, काही नाही. नुसता नकाशा आणि त्यावर पेन्सिलीच्या तीन खुणा. कोपऱ्यावर फुली, शेजारी "मागचं चाक चढेल. दोन फूट सोड." थांब्यावर गोल, "शेडच्या पुढच्या टोकाची जाहिरात काढ." आणि सायकलींच्या थांबायच्या जागेवर आडवी काट मारून लिहिलंस, "बाजूला नको. पुढे उभी कर. बसच्या नाकासमोर."

पहिली दोन मला कळली. तिसरं का, ते नाही कळलं. पण "का" विचारायचा हक्क मी सध्या गमावून बसलेय, तेव्हा जसं सांगितलंस तसं केलं. ऑफिसातल्या मुलांनी विचारलं, मॅडम, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, तज्ज्ञाने.

आईने नकाशा मागून घेतला. तिला त्यातलं काय कळतं! पण पेन्सिलीवर बोट ठेवून म्हणाली, "अक्षर अजून तसंच कोंबड्याचे पाय." संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन जेवायला बसली. बोलली नाही, पण बसली.

आता दुसरी बातमी. चौकशीचा निकाल फिरला. "निष्काळजीपणा" खोडला. नर्सबाईंनी आपण होऊन जबाब दिला, त्या रेघेची आठवण सांगितली, आणि मुकादमसुद्धा आला. सुतळी कुठून कुठे ताणली ते त्याने दाखवलं. मला म्हणाला, "मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं, बाई." म्हटलं, तुम्ही कशाला? त्या दोन्ही टोकांच्या कागदांवर सही माझी आहे. डेपोतून तुला पत्र येईल. गाडी पुन्हा मिळेल, हवी असेल तर.

आणि एक विनवणी. हुकूम नाही, मोठ्या बहिणीचा तर नाहीच. रविवार, तीन मेला सकाळी रस्ता बंद ठेवून नव्या वळणावर बस फिरवून बघायची आहे. खुणेच्या शंकूंनी कोपरा मांडलाय, सिमेंट नंतर ओतायचं. डेपोचे दोन ड्रायव्हर येऊन गेले, दोघे म्हणाले, "जमत नाही, चाक चढतं." तुझे दोन फूट सोडल्यावरही म्हणतात. मला वाटतं त्यांना जमवायचं नाहीये. पण मला कुठे बस चालवता येते? तू आलास तर कळेल. माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. बसशी बोल.

ताई


६ मे

भोंग्या,

तू तिथेच होतास, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होतास, माझं तोंड तुला दिसलं नाही. आणि तिथे माझ्या तोंडून धड काही निघालं नाही. म्हणून लिहिते.

तू आलास तेव्हा मी ओळखलंच नाही आधी. किती वाळलायस रे. मला बघून न बघितल्यासारखं केलंस, शंकूंच्या कडेने दोनदा चालत गेलास, पावलं मोजलीस, बसमध्ये चढलास. पहिल्या फेरीत चाक शंकूपासून वीतभर लांब. दुसऱ्या फेरीत तेवढंच. ते दोघे ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "जमतंय की!" चष्मेवाल्याने टाळी वाजवली. तो कुणाच्या बाजूचा आहे तेच मला कळत नाही.

मग तू बस थांब्यावर उभी केलीस आणि खाली उतरून, बघायला आलेल्या नर्सबाईंकडे गेलास. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी तुझा हात धरला होता एवढं दिसलं. मग त्या सायकल घेऊन शेडपाशी गेल्या, जिथून ती तिरकी रेघ सुरू व्हायची तिथे, आणि तू पहिल्यांदा माझ्याकडे वळलास.

"ये वर," म्हणालास. "बस माझ्या जागी."

तुला वाटलं असेल मी बसमध्ये चढायला घाबरले. मी तुला घाबरले होते. दीड वर्षात तुझा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

बसले. केवढं मोठं चाक ते, हात पुरेनात. समोर सगळा रस्ता लख्ख. तू दारात उभा राहून म्हणालास, "सिस्टर कुठे आहेत?" मी डावीकडे बघितलं. दाराचा जाड खांब, त्याला चिकटून तो लांबडा आरसा, त्यापलीकडे फुटपाथ, झाड. बाई नाहीत. मला वाटलं गेल्या असतील. आरशात बघितलं, नाहीत. मान वाकडी केली, नाहीत. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली, इतकी जवळ की मी दचकले. त्या तिथेच होत्या. बसपासून चार हातांवर, खांबाआड, अख्खी बाई आणि अख्खी सायकल.

"दिसल्या?" तू विचारलंस.

मी नाही म्हटलं.

मग तू खिडकीबाहेर बघत बोललास. "मला वाटत होतं, मी बघितलं नाही. रोज तेच. गोदामात खोकं उचलताना, जेवताना, आंघोळ करताना. का बघितलं नाहीस? डुलकी लागली होती? मन कुठे होतं? मी स्वतःला कायकाय नाही म्हटलं, ताई. आणि तिथून दिसतच नाही. ती रेघ माणसाला नेमकी जिथे आणून सोडत होती तिथेच दिसत नाही." मग म्हणालास, "तुला तिसऱ्या दिवशी सांगता आलं असतं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? क्षमा मागायला तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण ती तू द्यावीस म्हणून मागितली असती, आणि तुला देणं भाग पडलं असतं. म्हणून इथेही मागत नाही. मला तुझं वाईट वाटतं, माझी लाज वाटते, आणि तू पाच हातांवर उभा होतास याचा इतका आनंद होत होता की तेही बरोबर नव्हे असं वाटत होतं. हे सगळं मी त्या सीटवर बसून एकदम भोगत होते आणि माझे हात त्या चाकावरून निघत नव्हते.

बाहेर साहेब घड्याळ दाखवत होते, रस्ता उघडायची वेळ झाली होती. नर्सबाई सायकल घेऊन पुढे आल्या आणि तू सांगितलेल्या जागी, बसच्या नाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता त्या पूर्ण दिसत होत्या, पदराला लावलेल्या पिनेसकट. त्यांनी वर काचेकडे बघून मान हलवली. मला नाही, तुला.

तू माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवलीस. "ऊठ," म्हणालास. "जागा माझी आहे."

मी उठले आणि तू बसलास.

ताई